तारेवरची फुली

गिटार विकणारा सहा तारांचे पैसे घेतो आणि गिटार शिकवणारा पहिल्याच महिन्यात सांगतो, की यातल्या दोन सध्या वाजवायच्या नाहीत. 'सध्या' हा शब्द धीर देण्यापुरता असतो. पुढे वर्षं जातात, कॉर्ड अवघड होत जातात आणि वाजवायच्या तारा सहाच्या पाच, पाचाच्या चार, चाराच्या तीन अशा घटत जातात. ज्याला खरोखर उत्तम येतं तो कधी कधी एकच वाजवतो. अशा एका माणसाची गोष्ट पुढे येणारच आहे.

कॉर्डच्या पुस्तकात प्रत्येक कॉर्डची एक जाळी छापलेली असते. उभ्या सहा रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, काळे ठिपके म्हणजे बोटं. जाळीच्या डोक्यावर गोल असेल तर ती तार मोकळी वाजवायची, फुली असेल तर वाजवायची नाही. ठिपक्यांबद्दल पुस्तकं पानंच्या पानं लिहितात. कोणतं बोट, किती दाब, अंगठा कुठे, मनगट कसं. फुलीबद्दल एक अक्षर नाही. 'वाजवू नये' एवढं सांगितलं की माणूस वाजवणार नाही, असा या लेखकांचा मनुष्यस्वभावावर विश्वास दिसतो. जिन्याच्या कोपऱ्यात 'येथे थुंकू नये' असं रंगवणाऱ्यांचाही असतो.

डी मेजर हा कॉर्ड प्रत्येकाला अगदी सुरुवातीला भेटतो. पहिल्या तीन तारांवर दाटीवाटीनं तीन बोटं, चौथी तार मोकळी, पाचवी आणि सहावी यांच्यावर फुल्या. आता गंमत अशी, की गिटार मांडीवर घेतली की सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, सगळ्यात वर येते. हात वरून खाली निघाला की जिला टाळायचं तीच आधी लागते. ती 'ई'ला लावलेली असते आणि डी कॉर्डच्या तीन सुरांत ई नाही. उत्साहात हात फिरवला, की ती अशी घुमते की बाकीचे सूर काय म्हणत होते ते कुणाला कळत नाही. पाचवीचं प्रकरण जरा नाजूक आहे. ती 'ए'ला लावलेली आणि ए हा डीचा पंचम. म्हणजे ती वाजली तर बेसूर काहीच नाही, फक्त कॉर्डचा पाया घसरल्यासारखा वाटतो. म्हणून पुस्तकात तिच्यावरही फुली. ए मेजरमध्ये सहाव्या तारेचंही तेच. ती तिथे पंचमच आहे, तरी फुली. सुरात असूनही गप्प बसवलं जाण्याचा अनुभव या दोन तारांना नवा नाही.

आमच्या पुण्यातल्या रविवारच्या बॅचमध्ये या फुल्यांशी वागण्याच्या तीन तऱ्हा पाहायला मिळतात. आयटीतला एक मुलगा आहे, तो नेम धरतो. तारा छेडायचा पिक बरोबर चौथ्या तारेवर टेकवायचा, मग खाली यायचं, मग पुन्हा वर जाऊन चौथी तार शोधायची. ताल संथ असेपर्यंत त्याचा डी ऐकत राहावा. ताल वाढला की त्याचा हात हवेत थबकतो आणि गाणं पुढे निघून जातं. दहावीतली एक मुलगी आहे, तिला फुली दिसतच नाही. पण तिचा हात इतका हलका आहे की नको ती तार वाजली तरी कुणी तक्रार करत नाही. आणि बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांना फुली दिसते, पटत नाही.

सरांचं म्हणणं तिघांनाही एकच असतं. "नेम धरू नका. उजवा हात मोकळा सोडा, जाऊ दे सगळ्या तारांवरून. ज्यांनी गप्प बसायचं त्यांना डावा हात गप्प बसवेल."

हे ऐकायला सोपं वाटतं. डाव्या हाताची तीन बोटं आधीच वेगवेगळ्या तारा दाबून घामाघूम झालेली असतात आणि त्यांनाच आता जादा काम सांगितलेलं असतं. सी मेजर घ्या. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला दाबलेली आहे. तिचं टोक केसभर पुढे सरकवायचं, म्हणजे ते शेजारच्या सहाव्या तारेला टेकतं. टेकलं पाहिजे, दाबलं जाता कामा नये. दाबलं गेलं तर तीही वाजायला लागते. एकाच बोटानं एका तारेला बोलतं करायचं आणि त्याच क्षणी दुसरीला गप्प करायचं. घरात हे काम करणारी माणसं असतात, पण त्यांना त्याचा क्लास लावावा लागलेला नसतो.

दुसरा उपाय अंगठ्याचा. गिटारच्या मानेमागून अंगठा वर काढायचा आणि सहाव्या तारेला कडेनं शिवून ठेवायचा. शास्त्रशुद्ध क्लासिकल गिटार शिकवणाऱ्यांना हे बघवत नाही. त्यांच्या मते अंगठ्याची जागा मानेच्या मागे, मध्यावर, आणि तिथेच त्यानं मुकाट राहावं. पण जिमी हेंड्रिक्सचा अंगठा इतका लांब होता, की तो नुसता सहावी तार गप्प करून थांबत नसे, वरून येऊन तिच्यावर सूरही दाबायचा. त्यामुळे बॅचमध्ये कुणी अंगठ्यावरून बोलणी खाल्ली, की तो हेंड्रिक्सचं नाव घेतो. सर म्हणतात, "आधी त्याच्यासारखी बाकीची चार बोटं आण."

काकांचा आक्षेप मात्र मुळातला होता. ते तरुणपणी सितार शिकलेले. एका रविवारी त्यांनी गिटार खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, आमच्या सितारीला अकरा ते तेरा तारा नुसत्या तरफेच्या असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, त्या आपोआप झंकारतात. त्यासाठी तर त्या लावायच्या. सारंगीला तीस-पस्तीस असतात. तानपुऱ्यात तर झंकाराशिवाय दुसरं काहीच नाही. आणि तुम्ही सहाच तारा देता नि त्यातल्या दोन दाबून धरायला सांगता. मग लावल्या कशाला?"

सगळ्या बॅचनं सरांकडे पाहिलं. सर गोव्याचे, त्यांच्या घरात तीन पिढ्या पाश्चात्त्य वाद्यं वाजलेली. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं आणि ते मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. "काका, तुमचा सा मैफिलभर हलतो का?"

"नाही."

"आमचा दर दोन सेकंदांनी हलतो."

यातच सगळं आलं. रागात षड्ज एकदा बसला की बसला. त्याभोवती लावलेली प्रत्येक तार तो राग संपेपर्यंत आपल्याच जागी असते, म्हणून ती बिनधास्त झंकारू शकते. कॉर्डवर चालणाऱ्या संगीतात पायाच बदलत राहतो. आत्ता ए वाजतोय तेव्हा जी मोकळी तार घरची आहे, ती पुढच्या मात्रेला डी आल्यावर उपरी होते, आणि तिची आस अजून विरलेली नसते. तिला वाजू न देणं हे एक काम आणि वाजलेली वेळेवर थांबवणं हे दुसरं. काकांची पिढी ज्या हिंदी गाण्यांवर वाढली त्यांच्या खाली सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर हेच करत होते. वर गाणाऱ्याचा सा स्थिर, खाली कॉर्डची जमीन सरकती. काकांनी ते आयुष्यभर ऐकलं होतं, फक्त त्यासाठी कुणाचं तरी बोट तारेवर आडवं पडलेलं असतं हे त्यांना दिसलं नव्हतं.

काका निरुत्तर झाले असं मात्र समजू नये. पुढच्या रविवारी ते विश्वमोहन भट्टांचं नाव घेऊन आले. भट्टांनी गिटारलाच तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली ग्रॅमी मिळवलं. "म्हणजे गिटारचं दुखणं ओळखणारा माणूस आपल्याकडे निघाला," काका म्हणाले. सरांनी मान डोलावली आणि जी कॉर्ड वाजवायला सांगितला.

जीमध्ये खरी मजा आहे, कारण तिथे फुली कडेला नसते, मध्ये असते. जीचा एक प्रकार असा, की सहावी तार तिसऱ्या फ्रेटला दाबायची, पाचवीवर फुली, पुढच्या चार वाजवायच्या. इथे आयटीतल्या मुलाचा नेमही कामाचा नाही. पिकनं सहावी छेडून पाचवीवरून उडी मारून चौथीवर उतरता येतं का, हे त्यानं करून पाहिलं. ते टोळाला जमेल. इथे उपयोगी पडतं ते बोटाचं मांस. सहावी दाबणारं बोट किंचित कलतं ठेवायचं, म्हणजे त्याची गादी पाचवीला अलगद टेकते आणि ती 'टप' असा कोरडा आवाज करून गप्प होते. हात सहाही तारांवरून जातो, ऐकू येतात पाच.

एरवी गिटार शिकणारे सगळे आपल्या जाड बोटांना बोल लावतात. शेजारच्या तारेला लागतात म्हणून. फुलीच्या राज्यात मात्र शेजारच्या तारेला लागणं हाच गुण. आमच्या बॅचमधला एक केटरर, ज्याच्या बोटांमुळे त्याचा एकही साधा कॉर्ड कधी स्वच्छ वाजला नाही, तो जॅझच्या कॉर्डांवर आल्या आल्या सगळ्यांच्या पुढे निघून गेला. जी सेव्हन जॅझवाले असा धरतात: सहावी तिसऱ्या फ्रेटला, पाचवीवर फुली, चौथी तिसऱ्याला, तिसरी चौथ्याला, दुसरी पुन्हा तिसऱ्याला, पहिलीवर फुली. चार सूर, दोन फुल्या. हाच आकार जसाच्या तसा मानेवर कुठेही सरकवता येतो. केटररची बोटं त्यात बसल्यावर नको असलेल्या दोन तारांना श्वास घ्यायलाही फट उरत नाही.

फक्त एक सापळा आहे. तारेला अर्धवट शिवलं आणि ती जागा नेमकी पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर आली, तर तार गप्प बसायच्या ऐवजी घंटेसारखी किणकिणते. तारेचे समान भाग पडतात अशा या जागा. तिथे हलका स्पर्श झाला की मूळ सूर थांबतो आणि त्याच्या पोटातला वरचा सूर मोकळा सुटतो. वरचा जी सेव्हनचा आकार सातव्या फ्रेटला नेला की बी सेव्हन होतो. तिथे पाचवी तार नीट गप्प झाली नाही, तर ती नेमका ई किणकिणवते आणि बी सेव्हनमध्ये ई कुठेही बसत नाही. केलं गप्प करायला आणि झालं गोड, तेही अवेळी. त्यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन बोटं टेकवणं. तारेच्या दोन ठिकाणी हात लागला की घंटा वाजत नाही.

आता त्या एकच तार वाजवणाऱ्या माणसाबद्दल. फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये तो १९३७ साली आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. बेसी स्वतः १९८४ मध्ये गेला, तरी ग्रीन वाजवतच होता. या पन्नास वर्षांत त्यानं जवळजवळ एकही सोलो वाजवला नाही. डझनभर फुंकणारी वाद्यं, ड्रम, पियानो, आणि या सगळ्यांमध्ये विजेशिवाय वाजणारी एक गिटार. मात्रेला एक कॉर्ड, चार मात्रांना चार कॉर्ड, रात्रभर. असं सांगतात, की मध्यंतरी त्यानं विजेची गिटार आणली, तेव्हा बँडमधल्या मंडळींनी त्याचा अॅम्प्लिफायर वारंवार निकामी करून ठेवला आणि शेवटी तो निमूटपणे जुन्या गिटारीवर परतला.

त्याच्या वादनाची चिकित्सा करणाऱ्यांना पुढे लक्षात आलं, की तो धरायचा तीन-चार तारांचा आकार, पण पुष्कळदा त्यातली चौथी तार तेवढी पूर्ण दाबायचा. बाकीच्यांवर बोटं नुसती टेकलेली. त्यामुळे ऐकू यायचा एक सूर आणि त्याभोवती पाच तारांची कोरडी थाप. ड्रमला सूर लागला तर जसा लागेल तसा. रेकॉर्ड लावून गिटार शोधायला बसलात तर सापडत नाही. ती काढून घेतली असती तर मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं असतं, असं त्याच्याबरोबर वाजवलेले लोक म्हणत. मी फ्रेडी ग्रीनच्या पक्षाचा आहे, हे इथेच सांगून टाकतो. माझ्या मते सगळ्या तारा वाजवणारा एकही गिटारवाला पन्नास वर्षं एका नोकरीत टिकलेला नाही.

वेस मॉन्टगोमेरीनं याच फुलीतून नाव काढलं. इंडियानापोलिसचा माणूस, १९२३चा जन्म. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात वादन, आणि सरावाला उरते ती वेळ सगळं घर झोपलेलं असण्याची. पिकचा आवाज घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सोसेना म्हणून त्यानं पिक टाकून अंगठ्याच्या मऊ बाजूनं वाजवायला सुरुवात केली, असं सांगतात. त्याच अंगठ्यानं तो सप्तकं वाजवायचा: सहाव्या तारेवर एक सूर आणि दोन फ्रेट पुढे चौथ्या तारेवर तोच सूर वरच्या सप्तकात. मधली पाचवी तार गप्प. ती तर्जनीच्या मांसानं दाबायची आणि त्याच तर्जनीची उरलेली लांबी खालच्या तारांवर आडवी टाकायची. मग अंगठा बिनधास्त सगळ्यांवरून ओढायचा. चार तारा बंद, दोन चालू, आणि हा प्रकार तो पळता पळता करायचा. शेजाऱ्यांच्या तक्रारीनं संगीताचं इतकं भलं झाल्याचं उदाहरण आपल्या सोसायट्यांमध्ये अजून नोंदलं गेलेलं नाही.

इथपर्यंतची सगळी मंडळी एका विचाराची: हात सगळ्यांवरून जाऊ दे, नको त्यांचं तोंड बंद ठेवू. दुसरा पंथ म्हणतो, जिला बोलवायचं तिलाच हाक मारा. या पंथात पिक नसतो, प्रत्येक बोटाला तार वाटून दिलेली असते. अंगठा जाड तारांचा, तर्जनी, मधलं आणि अनामिका प्रत्येकी एका बारीक तारेची. करंगळीला काम नाही. ब्राझीलचा जोआओ जिल्बेर्तो याच पद्धतीनं वाजवायचा. अंगठ्यानं खालचा सूर, तीन बोटांनी बाकीचे तीन एकदम चिमटीत उचलायचे, आणि मध्ये सुटलेल्या तारेला कुणी विचारलेलंच नसल्यामुळे तिच्यावर फुली मारण्याचाही प्रश्न नाही. ही लय त्यानं बहिणीच्या घरी न्हाणीघरात तासन्‌तास बसून घोटली असं सांगतात. १९५८ साली तिची तबकडी निघाली आणि बोसानोव्हा जगभर गेला. बहिणीच्या घरच्यांनी आंघोळी कुठे केल्या, हे इतिहासानं नोंदवलेलं नाही.

आयटीतल्या मुलाला हा पंथ फार आवडला, कारण यात नेम धरायला मिळतो. पण त्याला पिकही सोडवत नव्हता. त्याच्यासाठी मधला मार्ग आहे. पिक अंगठा-तर्जनीत धरायचा आणि मधलं बोट नि अनामिका मोकळी ठेवून त्यांनी बारीक तारा उचलायच्या. पिकनं सहावी, त्याच क्षणी दोन बोटांनी तिसरी आणि दुसरी. मधल्या तारांकडे बघायचंही नाही. याला बोटांची नखं थोडी वाढवावी लागतात. आता तो ऑफिसमध्ये टाइप करताना वेगळाच आवाज येतो म्हणे.

सगळ्यात सरळ उपाय रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं केला. त्यानं सहावी तार काढूनच टाकली. साठच्या दशकाच्या अखेरीस तो ओपन जी या ट्यूनिंगकडे वळला. त्यात तारा अशा लावतात की काहीही न दाबता जी कॉर्ड वाजतो. या मांडणीत सहावी आडवी येत होती. तिला दाबायला अंगठा वापरण्यापेक्षा तिला गिटारवर ठेवूच नये, असा व्यवहारी निर्णय त्यानं घेतला. 'स्टार्ट मी अप'ची सुरुवात ऐकली तर ती पाच तारांची आहे. बॅचमध्ये हे सांगितल्यावर तीन जणांनी सहावी तार काढायची परवानगी मागितली. सरांनी नकार दिला.

आणि मग केसांचं रबर. दोन्ही हातांनी मानेवर बोटं आपटून वाजवणाऱ्या चपळ गिटारवाल्यांना गप्प करायला मोकळं बोटच उरत नाही. ते मानेच्या वरच्या टोकाशी मुलींचं केस बांधायचं रबर गुंडाळतात, म्हणजे मोकळ्या तारा गुणगुणत नाहीत. आता यासाठी खास कापडी पट्टे विकत मिळतात, काम तेच. दहावीतल्या मुलीनं वेणीचं रबर काढून तिथल्या तिथे करून दाखवलं, तेव्हा बॅचमध्ये पहिल्यांदाच सहाही जणांचा डी एकसारखा स्वच्छ वाजला. एकच रबर सहा गिटारींवर फिरत होतं. मोकळी म्हणून वाजवायची चौथी तारही त्यात गप्प झाली होती, हे नंतर लक्षात आलं.

तारांचा संच सहाचा मिळतो आणि तुटते ती बहुधा बारीक पहिली. तोवर बाकीच्या गंजलेल्या असतात, म्हणून सगळाच संच बदलायचा. जाड सहावी धडधाकट असते, पण तिलाही जावं लागतं. काकांनी बँकेत आयुष्य काढलेलं, त्यांच्याकडून काही टाकलं जात नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तर बाल्कनीत दोन सहाव्या तारा वरच्या खिळ्यापासून कुंडीपर्यंत ताणून बांधलेल्या होत्या आणि त्यांवर मनी प्लँट चढवला होता. वरच्या टोकाला लाल रबर गुंडाळलेलं.

"हे कशाला, काकू?" मी विचारलं.

"अहो, रात्री वारा सुटला की घूं घूं करतात मेल्या. यांना म्हटलं, काढा. तर उठून बसले नि म्हणाले, थांब, खर्जातला पंचम लागतोय. शेवटी मीच नातीचं रबर घेतलं."